सरपंचबाईंची सही

पामर्स्टन नॉर्थ,
१० ऑगस्ट २०२५

आई,

तीर्थरूप वगैरे लिहीत बसत नाही. वाकून नमस्कार करते, तो इथूनच घे.

सहा वर्षं झाली, तू माझा फोन घेत नाहीस. दर रविवारी सुरेखावहिनी उचलतात आणि म्हणतात, आई देवळात गेल्यात. सहा वर्षांत तू जितकी देवळात गेलीस तितका आपला गुरवही गेला नसेल. अण्णा गेले तेव्हा विमानं बंद होती, मला येता आलं नाही. त्या दिवशीसुद्धा तू फोनवर आली नाहीस. पुढच्या वर्षी मी आले, तर आदल्या दिवशी मावशीकडे निघून गेलीस. म्हणून आता पत्र. फोन टाळता येतो, पण तू पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीस, हे मी लहानपणापासून बघितलंय.

तू माझ्याशी पुन्हा बोलायला हवीस. एवढंच या पत्राचं काम. बाकीचं बातमी म्हणून वाच.

बातमी अशी की मी तिसऱ्यांदा उभी आहे. इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेत. पहिल्यांदा २०१९ मध्ये आपटले. २०२२ मध्ये एकोणीस मतांनी निवडून आले आणि मराठी बाई म्हणून पहिलीच त्या खुर्चीवर बसले. तू म्हणशील, पोरीला स्वतःची आरती ओवाळायची हौस फार. आहेच. या देशात आले तेव्हा माझी इंजिनिअरिंगची पदवी इथं कोणी विचारत नव्हतं. तुझ्या जावयाला, शशिकांतला, दुधाच्या संशोधन संस्थेत नोकरी लागली होती आणि मी दोन वर्षं वृद्धाश्रमात चादरी बदलत होते. मग मैलापाण्याच्या कंपनीत शिरले. इराच्या शाळेसमोर रस्ता ओलांडायला पट्टे नव्हते, त्यासाठी चौदा महिने कौन्सिलच्या दारात बसले. सायकलवरून घरोघरी गेले, डेअरीवाल्यापासून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून, पाद्र्यापर्यंत सगळ्यांशी बोलले. ते पट्टे झाले तेव्हा लोक म्हणाले, तूच उभी राहा. आता तीन वर्षांत मी गावाच्या गटारांवर इतकी बोलले आहे की रस्त्यात भेटणारे आधी तुंबलेल्या पाइपची तक्रार सांगतात, मग किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणतात.

आता त्या मुलाखतीबद्दल. पहिल्या वेळी एका साप्ताहिकाच्या मुलीनं विचारलं, राजकारण कुठं शिकलात? मी म्हटलं, घरी. माझी आई साडेतीन वर्षं आमच्या कोरेवाडीची सरपंच होती. जागा बाईसाठी राखीव झाली म्हणून नाव तिचं, खुर्चीवर वडील. ती नुसता रबरी शिक्का. तिच्या नावाच्या सह्यासुद्धा दुसरंच कोणी करायचं. तेव्हाच मी ठरवलं की आपण कोणाचा शिक्का व्हायचं नाही. मुलीनं मथळा दिला, ‘रबरी शिक्क्याची लेक’. कोणा शहाण्यानं त्याचं मराठी करून गावच्या ग्रुपवर टाकलं आणि तू बोलायची थांबलीस.

मी त्यात खोटं काय सांगितलं? अण्णा खुर्चीवर बसायचे, हे तालुक्याला माहीत होतं. सह्या दुसरंच कोणी करायचं, हेही खरं. एक वाक्य खोटं दाखव, मी कान धरून माफी मागते.

तुझी,
उत्तरा


३ सप्टेंबर

आई,

वहिनींनी सांगितलं, पत्र पोचलं. तू ते दोनदा वाचलंस, घडी घातलीस आणि शेंगा फोडायला बसलीस. चालेल. शेंगा संपल्यावर विचार कर.

इथं प्रचार जोरात आहे. वारा असा की माझे फलक रोज आडवे होतात आणि शशिकांत रोज सकाळी हातोडा घेऊन ते उभे करत फिरतो. परवा उमेदवारांची पहिली सभा झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी तुझी गोष्ट सांगितली, म्हणजे तीच, शिक्क्याची. ती सांगितली की टाळ्या पडतात. गटारांवर एवढ्या टाळ्या पडत नाहीत.

इरा सतरा वर्षांची झाली. तुझं मराठी समजतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या पहिल्या काळ्या बाईंवर तिनं शाळेत भाषण केलं. त्या बाई आधी बालवाडीत शिकवायच्या. पुढाऱ्यांनी तिकिटासाठी ताटकळत ठेवलं तर यांनी गाडीला कर्णा लावला आणि गल्लोगल्ली स्वतः बोलत फिरल्या. पुढं थेट राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या, हरणार हे माहीत असताना. इरानं त्यांचं चित्र भिंतीवर लावलंय आणि शेजारी माझं पत्रक. मी वरवर म्हटलं, काहीतरीच काय, आणि दिवसभर हवेत होते. त्या बाईंचं मी नंतर सगळं वाचून काढलं. आपल्या मागे कोण आहे यापेक्षा आपल्या तोंडून कोण बोलतंय याची त्यांना जास्त काळजी होती, असं मला वाटलं. हे मला पटतं. माझंही तसंच आहे.

सभेहून परत येताना शशिकांत म्हणाला, या वेळी आईंची गोष्ट वगळली तर? मी म्हटलं, का? तो म्हणाला, “मला एक कधी कळलं नाही. त्या सह्या नक्की करायचं कोण?” मी म्हटलं, घरातलंच कोणीतरी. मग सिग्नल हिरवा झाला.

तुझी,
उत्तरा


२८ सप्टेंबर, रविवार दुपार

आई,

आज जे लिहिणार आहे ते मी अजून शशिकांतशिवाय कोणाशी बोललेले नाही.

आधी इथली पद्धत सांगते. मत द्यायला केंद्रावर जावं लागत नाही. मतपत्रिका पोस्टानं घरी येते. आवडत्या उमेदवारापुढे एक, त्याच्या खालच्यापुढे दोन, असे आकडे घालायचे, पाकीट बंद करायचं आणि दुकानात ठेवलेल्या केशरी पेटीत टाकायचं. कायमचा राहण्याचा परवाना असला की नागरिक नसलेल्यालाही मत असतं. म्हणजे मुलांकडे येऊन राहिलेल्या आपल्या आजीआजोबांना आहे. त्यातले निम्मे ती पाकिटं विजेची बिलं समजून मुलाच्या टेबलावर ठेवतात.

इथं दमयंतीताई म्हणून आहेत. बार्शीकडच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मुलाकडे, सागरकडे, आठ वर्षं राहतात. माझ्यावर फार जीव. काल त्यांनी हॉलमध्ये भोंडला ठेवला होता. पाटावर हत्ती, भोवती आम्ही पन्नासेक बायका, काही साडीत, काही जॅकेटात, दोघी तर पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून. खिरापतीचे अकरा डबे झाले. मी ओळखले दोन. नंतर त्या म्हणाल्या, थांब, आधी तुझी ओटी भरते. तांदूळ, नारळ, खण. मी पदर पसरला होता. मग त्यांनी कापडी पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढला आणि नारळावर ठेवला.

सव्वीस मतं. बुधवारच्या ज्येष्ठांच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना पाकिटं आणायला सांगितली होती. इंग्रजी बारीक, चष्मे जाड, कशाला तुम्हाला त्रास म्हणत सगळी स्वतः भरली. सव्वीसही मतपत्रिकांवर माझ्यापुढे एक.

“तीस वर्षं इलेक्शन ड्यूटी केलीय मी,” त्या म्हणाल्या. “एकही मत बाद होणार नाही.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई, ओटी कोणी परत करतं का? मी पदर आवळला आणि थँक यू म्हटलं. हे लिहायला नको वाटतं, पण म्हटलं खरं. उमेदवारानं दुसऱ्याच्या मतपत्रिकेला हात लावायचा नसतो आणि दुसऱ्याची मतपत्रिका कोणीच भरायची नसते. मला हे पाठ आहे. उमेदवारांच्या माहितीपुस्तकात ते ठळक अक्षरांत छापलंय.

घरी येऊन गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला. शशिकांतनं पाकिटं मोजली. म्हणाला, ते लोक तुलाच देणार होते, मग बिघडलं कुठं? पेटी पाच मिनिटांवर आहे. माझ्या मनात अगदी हेच चाललं होतं, आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती ओळखीचं वाटलं म्हणून सांगू. ‘ती तेच करणार होती, मग बिघडलं कुठं?’ हे वाक्य मी आधी ऐकलंय. आपल्या ओट्यावर, अण्णांच्या तोंडून.

तू असतीस तर काय केलं असतंस, असं मनात आलं आणि मी ताट बाजूला सारलं. तू काय केलं होतंस, ते मी समोर उभं राहून पाहिलंय.

उद्या सोमवार. निवडणूक अधिकाऱ्यांचं ऑफिस साडेआठला उघडतं.

उत्तरा


३० सप्टेंबर

आई,

काल साडेआठला मी दारात होते. सव्वीस पाकिटं, कापडी पिशवीसकट. अधिकारी बाईंनी सगळं लिहून घेतलं, ती मतं बाजूला काढली आणि त्या सव्वीसांना नव्या मतपत्रिका द्यायची सोय केली. दमयंतीताईंना बोलावून समज दिली. त्या बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता सागरच्या गाडीत बसल्या. शेवटी काच खाली करून एवढंच म्हणाल्या, “मुलीसारखी म्हणून ओटी भरली तुझी.” मला रडू आलं. त्यांनी पाप म्हणून केलंच नव्हतं. प्रेमानं केलं होतं आणि त्या सव्वीसांत कोणाला काही वेगळं हवं असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी मी एकेकाला भेटून क्षमा मागितली. बाळकाका म्हणून आहेत, पंचाऐंशीचे. म्हणाले, बरं केलंस पोरी, मला त्या बाकवाल्याला एक नंबर द्यायचा होता. बाकवाला म्हणजे माझा विरोधक. त्यानं त्यांच्या बसथांब्यावर बाक बसवून घेतला. पण बाईंना नाही कसं म्हणणार, म्हणून गप्प बसलो, म्हणाले. मी हसले आणि गाडीत येऊन बसून राहिले. नाही कसं म्हणणार. तू तर नाही म्हणाली होतीस.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, एक वाक्य खोटं दाखव. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. वाक्य खरंच आहे, दुसरंच कोणी सह्या करायचं. ती दुसरी मी.

तू चौथी शिकलेली. सही करायला बसलीस की जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढायचीस, ‘वनिता रावसाहेब फाळके’, आणि ग्रामसेवक घड्याळाकडे बघायचा. अण्णा म्हणाले, उत्तरा, तू कर, तुझं अक्षर चांगलं आहे. मी कराडहून सुट्टीला आले की गठ्ठ्यानं करायचे. मला त्याची घमेंड होती. तुझी सही मी तुझ्यापेक्षा झोकात करायचे.

मग तो खडीक्रशरचा ना-हरकत दाखला आला. शाळेच्या मागच्या गायरानात. तू वाचलास, बोट ठेवून, पूर्ण. आणि म्हणालीस, पोरांच्या छातीत धूळ जाईल, मी सही करणार न्हाई. अण्णा तुझ्याशी वाद न घालता ओट्यावर आले. मला म्हणाले, तिला कळत नाही, दोन दिवसांनी करेलच, मग बिघडलं कुठं? मी पेन उघडलं. बावीस वर्षांची होते, लहान नव्हते.

गावानं तक्रार केली. चौकशीला साहेब आले, आपल्याच पडवीत बसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. त्यांनी तो कागद तुझ्यापुढे धरला आणि विचारलं, ही सही तुमची? तू कागदाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. अण्णांकडे एकदाही नाही. आणि म्हणालीस, “सही माझीच हाय.”

महिन्याभरात अविश्वास ठराव आला. कळत नसताना सह्या ठोकणारी बाई म्हणून तुला उतरवलं. क्रशर रद्द झाला, ते मात्र बरं झालं. मला जुलैत पुण्यात नोकरी लागली. सत्तावीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुला ती सही ओळखता आली नसेल. मग त्याहून सोयीची गोष्ट सापडली, रबरी शिक्क्याची, आणि ती मी टाळ्या घेत सांगत सुटले.

कान धरले आहेत. तू बोल किंवा बोलू नकोस, हे तुझ्या हातात मिळायला हवं होतं म्हणून लिहिलं.

उत्तरा


४ ऑक्टोबर

आई,

मागचं पत्र अजून वाटेत असेल, पण आता थांबवत नाही. काल शेवटची सभा होती, लायब्ररीच्या हॉलमध्ये. सव्वीस पाकिटांची बातमी पेपरात आली होती. मला वाटलं होतं लोक फाडून खातील. उलट मी उठले तर टाळ्या. बाकवाल्यानंसुद्धा वाजवल्या. सभा चालवणाऱ्या गृहस्थांनी कौतुकानं म्हटलं, यांच्या आईला शिक्का बनवलं होतं, म्हणून यांना दुसऱ्याच्या हातची मतपत्रिका सहन झाली नाही. मागून कोणीतरी ‘स्वीट ॲज’, म्हणजे एकदम झकास, म्हणून ओरडलं.

माझेच शब्द, माझ्याच गळ्यात हार करून घातले होते. तीन मिनिटं होती माझ्याकडे. गप्प बसले असते तर निवडणूक तिथंच जिंकले असते.

मी सांगितलं. माझी आई शिक्का नव्हती. तिनं सही करायला नकार दिला होता, खोटी सही मी केली, आणि ‘सही माझीच आहे’ असं सांगून तिनं स्वतःचं पद घालवलं. गेली सहा वर्षं मी तुम्हाला उलटी गोष्ट सांगत होते. तिसरं मिनिट तसंच शिल्लक राहिलं. टाळ्या नाहीत, काही नाही. इरा मागच्या रांगेत होती, तिनं दोन्ही अंगठे वर केले, मग बहुतेक लाजून खाली केले.

शशिकांत म्हणतो, हात दाखवून अवलक्षण केलंस. असेल. पण आई, कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तुझं नाव मी साफ केलं. पडले तरी चालेल आता. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढलाय. गावापर्यंत पोचला तर या वेळी तुला मान खाली घालावी लागणार नाही.

तुझी,
उत्तरा


१५ ऑक्टोबर

आई,

तू म्हणालीस, फोनवर तू थांबत न्हाईस, पत्र मला पायजे तिथं थांबवता येतं, तर पत्रच लिहीत जा. म्हणून लिहितेय. आणि आपलं बोलणं झालं तसं कागदावर उतरवून ठेवतेय, कारण माझी सवय तुला माहीत आहे. आठ दिवसांनी मी त्यात माझ्या सोयीची दोन वाक्यं घातली असती.

शनिवारी दुपारी निकाल लागला. शेवटच्या जागेवर, पण आले. मतं मागच्यापेक्षा कमी. बाळकाकांनी बाकवाल्यालाच दिलं, आणि स्वतः फोन करून मला तसं सांगितलं. रविवारी घरात पेढे, केक, माणसं, आणि साडेबाराला फोन वाजला. आपल्याकडे पहाटेचे पाच. मला वाटलं काही वाईट झालं.

“उत्तरा, वनिता बोलतेय,” तू म्हणालीस. आई बोलतेय असं नाही. मी मोरीत जाऊन दार लावून घेतलं.

तू विचारलंस, निवडून आलीस का. मी म्हटलं, आले. बरं झालं, म्हणालीस, आता ऐक. आणि मी ऐकलं.

“त्या दिवशी सायबानं कागद धरला, तवा सही तुझी हे मला बघताक्षणी कळलं. खरं बोलले असते तर मी सरपंच राहिले असते. तुझी नोकरी, लगीन, सगळं बुडालं असतं. घटकाभर इचार केला मी. साडेतीन वर्षांत तुझ्या अण्णांना न इचारता मी दोनच गोष्टी केल्या. एक, न्हाई म्हणाले. दुसरी, माझीच हाय म्हणाले. दुसरी करताना मला पहिलीपेक्षा जास्त जड गेलं. तू मला शिक्का म्हणालीस तवा राग आला, पण म्हटलं, मी जाणून बोलले हे पोरीला ठाऊक न्हाई.”

मी म्हटलं, आई, म्हणूनच तर मी सभेत सगळं...

“तेच सांगतेय. मी सायबापुढं खोटं बोलले, ते माझं व्हतं. सत्तावीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या अण्णांना ठाऊक व्हतं, पण त्यांच्यापाशीबी मी कधी बोलले न्हाई. तुझा व्हिडिओ बघून काल सकाळधरनं बाया इचारत येत्यात, म्हंजी तुम्ही खोटं बोललात व्हय. सांगायचं का न्हाई, कवा सांगायचं, ते मी ठरवणार व्हते. तू मला इचारलंस?”

मी म्हटलं, नाही.

“मग ही बी माझी सहीच केलीस की.”

आई, मला सभेत बोलता येतं. मला विरोधकाला गप्प करता येतं. त्या मोरीत मी नळ सोडला आणि बंद केला. बाहेर इरा हाका मारत होती, केक कापायचाय म्हणून. शेवटी मी विचारलं, मग आता मी काय करू? आणि तू हसलीस. सहा वर्षांनी तुझं हसू ऐकलं ते असं.

“तू काय करू नगं,” म्हणालीस. पुढच्या ग्रामसभेला तू जाणार आहेस. सत्तावीस वर्षं त्या पायऱ्या चढली नाहीस, आता चढणार. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं तुला विचारावं आणि तुला वाटलं तर तू उत्तर देशील. सुरेखावहिनी बरोबर येतो म्हणाल्या तर त्यांना तू सांगितलंस, ये, पण मागं बस.

मी केक कापला आणि सगळ्यांना सांगितलं, माझ्या आईचा फोन होता. काय म्हणाल्या, असं चौघांनी विचारलं. मी म्हटलं, ते तिला विचारा. लोकांना वाटलं मी हवेत आहे. दमयंतीताई आल्या नव्हत्या. उद्या मी त्यांच्याकडे जाणार आहे. रागावतील, चहा देणार नाहीत, तरी जाईन.

आता खरं काम. काल इथल्या रेडिओवरच्या बाई आल्या होत्या. त्यांना त्या सभेतली गोष्ट हवी आहे, पूर्ण, तू सरपंच झालीस तिथपासून. सभेत बोलले त्याहून जास्त एक शब्द मी त्यांना सांगितलेला नाही. माझ्या तोंडात आला होता, आई, सगळा तयार होता, सुरुवात, शेवट, टाळ्यांची जागासुद्धा. गिळला. मी त्यांना म्हटलं, ती गोष्ट ज्यांची आहे त्या कोरेवाडीत राहतात, मराठीच बोलतात, तेव्हा दुभाषा तुम्ही शोधा, मी होणार नाही. त्यांना हे चालेल. तुझ्याकडच्या सकाळी सातला त्या फोन करतील, तुझा चहा झाल्यावर.

नंबर अजून दिलेला नाही. देऊ का?

तुझी,
उत्तरा